पान पालथं केल्यावर: शार्लटजवळच्या एका पिवळ्या पट्ट्याचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका दुर्मिळ सूर्यफुलाचं आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील मी गाळले आहेत. जागेचा नेमका पत्ताही दिलेला नाही, कारण दुर्मिळ वनस्पतीची जागा जाहीर झाली की कंद उकरून नेणारे तिथे पोचतात. बाकी घडलं ते घडलं तसं लिहिलं आहे, माझ्या चुकीसकट.

पार्श्वभूमी

आमची वसाहत शार्लटच्या ईशान्येला, कबॅरस काउंटीच्या बाजूला आहे. घरांच्या मागून हाय-टेन्शन लाइन जाते. तारांखालचा साधारण साठ मीटर लांबीचा तुकडा वसाहतीच्या सामाईक जमिनीत येतो. तारांखाली झाडं वाढू न देण्याचा हक्क वीज कंपनीकडे आहे, आणि गवत कापायचं काम आमच्या एचओएकडे, म्हणजे घरमालकांच्या संघाकडे. ठेकेदाराची माणसं उन्हाळ्यात दोनतीनदा येऊन मशीन फिरवून जात. मी तेव्हा संघाच्या बागकाम समितीवर नुकतीच आले होते.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्या शेतात सूर्यफूल असायचं. एक दांडा, त्यावर एक ताटली, तीनसाडेतीन महिन्यांत काढणी, आणि नंतर दांडे चुलीला. सूर्यफूल म्हटलं की माझ्या डोक्यात एवढंच. इथे आल्यावर कळलं की ते आपलं पीक या सगळ्या गोतावळ्यातलं एक एकसाली भावंड आहे. हेलिअँथस या प्रजातीत पन्नासच्या आसपास जाती आहेत, सगळ्यांचं मूळ उत्तर अमेरिकेत, आणि त्यातल्या बहुतेक बहुवार्षिक. वरचा भाग हिवाळ्यात वाळून जातो, जमिनीखाली कंद, जाड मुळं किंवा आडवी धावणारी मुळकांडी जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. एका झाडाला एक ताटली नसते. फांद्याफांद्यांवर रुपयाएवढी, फार तर वाटीएवढी फुलं, आणि सगळी पिवळी.

त्या पट्ट्याची एक गोष्ट मला पहिल्याच उन्हाळ्यात दिसली होती. जुलैत तिथली जमीन फाटायची. हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा. पाऊस पडला की तीच माती चपलेला चिकटून वीतभर जाड व्हायची. शार्लटच्या परिसरात जिकडे तिकडे लाल माती आहे, पण मधूनमधून गॅब्रो, डायबेससारख्या काळ्या, जड खडकावर बनलेली ही चिकण माती लागते. मृदाशास्त्रात तिला आयरडेल म्हणतात. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची, ही त्याच्या नात्यातल्या खडकाची, आणि दोन्हींचा स्वभाव फुगण्या-आकसण्याचा. मला ती भेग ओळखीची वाटली, एवढंच तेव्हा. तो या प्रकरणातला पहिला पुरावा होता हे मला दीड वर्षाने समजलं.

अडचण

पहिल्या वर्षी ठेकेदाराची एक फेरी चुकली आणि ऑक्टोबरमध्ये तो पट्टा पिवळाधमक झाला. काही घरांना तो फार आवडला. काहींनी तक्रार केली: रान माजलंय, साप येतील, घराची किंमत पडेल. संघाच्या बैठकीत ठराव आला की सगळं साफ करून तिथे हिरवळ लावायची आणि कडेने खडीची पायवाट करायची.

बैठक संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्या म्हणाल्या, कापायच्या आधी कुणाला तरी दाखवा, शार्लटच्या आसपास एक दुर्मिळ सूर्यफूल असतं.

त्या म्हणत होत्या ते हेलिअँथस श्वाइनिट्झाय. १९९१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातलं. ते दोन्ही कॅरोलायना राज्यांच्या पीडमाँट पठारावर, मुख्यतः शार्लटच्या भोवतालच्या काउंट्यांमध्येच आढळतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही. नाव लुईस डेव्हिड फॉन श्वाइनिट्झ या मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या पाद्र्याच्या स्मरणार्थ पडलं. १८१२ ते १८२१ या काळात ते नॉर्थ कॅरोलायनातल्याच सेलम गावी राहात आणि बुरशींच्या अभ्यासासाठी आजही ओळखले जातात.

हे फूल रस्त्यांच्या कडेला आणि विजेच्या तारांखालीच का उरलं, याला कारण आहे. जॉन लॉसन हा इंग्रज प्रवासी १७०१ मध्ये कॅरोलायनाच्या या अंतर्भागातून चालत गेला, तेव्हा इथे सलग घनदाट जंगल नव्हतं. मधूनमधून मोकळी गवताळ रानं होती. कटाव्बा आणि इतर मूळ रहिवासी लावत असलेले वणवे, विजेने लागणाऱ्या आगी आणि चरणारी मोठी जनावरं यांनी ती मोकळी ठेवली होती. आगी थांबल्या, जनावरं गेली, झाडी दाटली. या सूर्यफुलाला ऊन लागतं. ऊन उरलं ते माणूस झाडं वाढू देत नाही तिथेच.

म्हणजे आमच्या पट्ट्यात ते असणं शक्य होतं. प्रश्न एकच होता: आमचं पिवळं फूल ते आहे का?

पहिली ओळख, आणि ती कुठे चुकली

मी फोन घेऊन गेले आणि फुलांचे फोटो काढले. छान, उन्हातले, जवळून. ओळख सांगणाऱ्या ॲपने तीन फोटोंना तीन नावं दिली. मला त्यातलं एक पटलं, कारण त्याच सुमारास एका शेजाऱ्याने सांगितलं की काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे रानफुलांच्या बियांचं पाकीट उधळलं होतं. अशा पाकिटांत मॅक्सिमिलियन सूर्यफूल, हेलिअँथस मॅक्सिमिलियानी, बरेचदा असतं. ते मूळचं उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातल्या विशाल गवताळ मैदानांवरचं. जर्मन राजपुत्र माक्सिमिलियन १८३२ ते १८३४ मध्ये तिकडे फिरला, त्याच्यावरून नाव पडलं. आता ते बागांमधून सगळीकडे पसरलं आहे.

खात्री करायला मी ओढ्याकडच्या टोकाची एक फांदी नीट पाहिली, पुस्तकातल्या वर्णनाशी ताडली. तंतोतंत जुळलं. मी समितीला लिहून दिलं: ही सामान्य, लावलेली जात आहे, कापायला हरकत नाही.

माझी फांदीची ओळख बरोबर होती. चूक पुढच्या पावलात होती. ओढ्याकडे पोचायला पायवाट होती, म्हणून मी तिथली फांदी घेतली आणि त्या एका फांदीवरून साठ मीटरचा सगळा पट्टा ठरवून टाकला. पट्ट्याच्या मधल्या, भेगाळ, चढावरच्या भागात मी गेलेच नव्हते, कारण तिथे ब्लॅकबेरीचे काटे होते.

पुढच्या ऑगस्टमध्ये मशीन फिरलं. हिरवळ-पायवाटेचं काम पैशांअभावी लांबलं, हे त्या फुलाचं नशीब.

बाबांचा प्रश्न

कापल्यानंतरही सप्टेंबरअखेर मधल्या भागात फुटवे आले. गुडघ्याएवढे, किडकिडीत, वर चारपाच कळ्या. मला ते मॅक्सिमिलियनसारखे वाटेनात. त्या रविवारी मी लातूरला बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. त्यांना रान दाखवायचं म्हणून फोन घेऊन तिथेच गेले.

“सूर्यफूल म्हणतेस, पण ताटली कुठंय?” बाबा म्हणाले. “आणि पान पालथं करून बघितलंस का?”

“नाही बाबा, फुलाचे फोटो काढलेत.”

“अगं, फूल तर समदी दाखवतेत. मावा बघायचा, तुडतुडा बघायचा, तर आपण काय करतो? पान पालथं करतो. वरून काय कळतंय?”

मी काटे बाजूला करून एक पान उलटं केलं. वरची बाजू पॉलिश पेपरसारखी खरखरीत होती. बोट उलटं फिरवलं तर अडकत होतं. आणि खालची बाजू पांढरट, मऊ, नव्या टॉवेलसारखी. दहापट भिंग लावलं तर त्या पांढऱ्या लवेच्या मधोमध राळेचे बारीक पिवळसर ठिपके चमकत होते. पानाची कड किंचित खाली वळलेली. एकाच पानाच्या दोन बाजू दोन वेगळ्या झाडांच्या वाटाव्यात, इतका फरक. मग मी ओढ्याकडच्या टोकाला जाऊन तिथलं पान उलटं केलं. वरखाली दोन्हीकडे सारखंच राखाडी, सारखंच खरखरीत.

बाबांना मी दोन्ही पानं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. ते म्हणाले, “दोन जाती हायत की मग. एका वावरात दोन पिकं.”

तीन जाती, साठ मीटर

पुढचे दोन आठवडे मी रोज संध्याकाळी तिथे जात होते. पट्टा दहा-दहा मीटरच्या सहा भागांत पाडला आणि प्रत्येक भागातली तीन झाडं पाहिली. बहुवार्षिक सूर्यफुलं वेगळी कशी करायची हे मला तिथे उमजलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिवळं ते सगळं सूर्यफूल नसतं. ओढ्यातल्या चिखलात दाट पिवळी फुलं होती त्यांची पानं पिसासारखी विभागलेली होती, आणि बिया कपड्यांना कुसळासारख्या रुतत होत्या. ते बायडेन्स निघालं, सूर्यफुलाच्याच कुळातलं पण वेगळं झाड. आणखी एक फसवं झाड म्हणजे हेलिऑप्सिस, ज्याला इथे खोटं सूर्यफूल म्हणतात. आमच्या पट्ट्यात ते नव्हतं, पण फरक सुंदर आहे. सूर्यफुलाचं फूल म्हणजे फुलोरा. कडेची पिवळी किरणपुष्पं आणि मधली बारीक बिंबपुष्पं. खऱ्या सूर्यफुलाची किरणपुष्पं वांझ असतात, ती बी धरत नाहीत. हेलिऑप्सिसची धरतात, आणि भिंगाखाली प्रत्येक पाकळीच्या बुडाशी दुभंगलेला स्त्रीकेसर दिसतो.

ओढ्याकडचं टोक: मॅक्सिमिलियन. पानं जवळजवळ बुडापासून एकाआड एक. प्रत्येक पान मधल्या शिरेवर लांबीत दुमडलेलं आणि विळ्यासारखं खाली वाकलेलं. ही दुमड दहा पावलांवरून दिसते. फुलं मोठी, मधली चकती दोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि ती वरच्या दांड्याला खालून वर ओळीने लागलेली. फुलाच्या पाठीमागची हिरवी छदं लांब, निमुळती, पांढऱ्या केसांची.

झाडीच्या सावलीची कड: इथे तिसरंच निघालं, हेलिअँथस मायक्रोसेफॅलस, नावाप्रमाणेच लहान डोक्याचं. याने मला दोन दिवस चकवलं. श्वाइनिट्झचं फूल लहान असतं, चकती दीड सेंटिमीटरच्या आत, हे मी वाचलं होतं आणि लहान फूल दिसलं की तेच समजत होते. मायक्रोसेफॅलसचं फूल त्याहूनही लहान असतं. फरक खोडात होता. याचं खोड गुळगुळीत, द्राक्षाच्या मण्यावर असते तशी पांढरट झाक असलेलं, बोटाने पुसलं की जाणारी. पानं रुंद आणि स्पष्ट देठाची.

मधला भेगाळ चढ: जांभळट खोड, त्यावर केस. खालची पानं समोरासमोर जोडीने, वर जाता जाता एकाआड एक. पानं अरुंद, रुंदीच्या कितीतरी पट लांब, जवळजवळ बिनदेठाची. फांद्या फक्त वरच्या भागात, समईच्या वातींसारख्या बाजूंना उचललेल्या. आणि खालून ती पांढरी लव. एकेक खूण दुसऱ्या कुठल्या तरी जातीत सापडते. सगळ्या एकत्र एकाच जातीत.

एक अडचण मात्र होती. पुस्तक म्हणतं, उंची एक ते दोन मीटर. आमची झाडं गुडघ्याएवढी. ऑगस्टमध्ये कापलेलं झाड पुन्हा फुटतं तेव्हा त्याची ठेवण बिघडते, फांद्या कमी येतात, फुलं उशिरा आणि मोजकी लागतात. कापलेल्या जागेवर उंची आणि ठेवण यांना काही अर्थ उरत नाही. पानाची लव, पानांची मांडणी आणि छदं यांत फारसा बदल होत नाही. मी सुरुवातीला नेमकं याच्या उलट चालले होते.

निर्णयाची पहिली जागा: उकरायचं की नाही

श्वाइनिट्झच्या मुळांना गाजरासारखे जाड कंद असतात. एक झाड उकरलं असतं तर आणखी एक पुरावा मिळाला असता. मी खुरपं घेऊन गेलेही होते. तिथे उभं राहिल्यावर विचार केला. हे झाड तेच असेल, तर मी यादीतली वनस्पती उपटणार. जमीन माझी एकटीची नाही, सामाईक आहे. राज्याचा कायदा यादीतली वनस्पती दुसऱ्याच्या जमिनीतून काढायला मालकाची लेखी संमती आणि परवाना मागतो. आणि हे झाड तेच नसेल, तर उकरून नवं काहीच कळणार नाही, कारण जाड मुळं इतरही जातींना असतात. खुरपं परत घरी नेलं.

त्याऐवजी प्रत्येक झाडाचे सहा फोटो काढले: पूर्ण झाड, खोडाचा मधला भाग, खालची पानं खोडाला कशी जुळतात ते, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि फूल पाठीमागून. चकतीशेजारी पट्टी धरली. हे फोटो राज्याच्या वनस्पती संवर्धन कार्यक्रमातल्या तज्ज्ञांना पाठवले. ऑक्टोबरच्या मध्याला एक बाई येऊन प्रत्यक्ष पाहून गेल्या. त्यांनी गुडघ्यावर बसून पहिलं काही केलं असेल तर पान पालथं केलं. मधला चढ श्वाइनिट्झचा, यावर शिक्का बसला.

कोणते पर्याय होते

आता संघापुढे जायचं होतं. कायद्याच्या धाकाने काम होणार नव्हतं. केंद्राचा कायदा संकटग्रस्त प्राण्यांना देतो तसं संरक्षण खासगी जमिनीवरच्या वनस्पतीला देत नाही. केंद्राचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर मालक आपल्या जमिनीवर काय करतो यात तो सहसा पडत नाही. संघाने ठरवलं असतं तर हिरवळ लावता आली असती. हे मी बैठकीत सुरुवातीलाच सांगितलं. लपवलं असतं आणि नंतर कुणी वकिलाला विचारलं असतं, तर माझ्या एका शब्दावर विश्वास राहिला नसता.

पहिला पर्याय: ठराव होता तसा राबवायचा. दुसरा: पट्ट्याला कुंपण घालून हातही लावायचा नाही. ज्यांना फूल वाचवायचं होतं त्यातले बरेच जण याच बाजूला होते, आणि मीही आधी तिथेच होते. पण हात लावला नाही तर तीनचार वर्षांत स्वीटगम आणि पाइनची रोपं वर येतात, सावली होते, आणि हे सूर्यफूल गुपचूप संपतं. शिवाय झाडं वाढली की वीज कंपनी आपल्या हक्काने तणनाशक घेऊन येते. ठेकेदाराच्या मशीनने त्याची फुलं उडवली हे खरं, पण इतकी वर्षं त्याला ऊनही त्याच मशीनने दिलं होतं.

तिसरा पर्याय होता कंद काढून एखाद्या राखीव जागेत लावायचे. इथल्या मॅकडॉवेल निसर्ग उद्यानासारख्या ठिकाणी गवताळ रान पुन्हा उभं करण्याचं काम झालं आहे, त्यामुळे ही कल्पना हवेतली नव्हती. पण जागच्या जागी वाचत असताना उपटून न्यायचं कारण नव्हतं. स्थलांतर हा शेवटचा उपाय असतो.

चौथा: मशीन फिरवायचंच, पण वेळ बदलायची. फुलं सप्टेंबर ते थंडी पडेपर्यंत. बी पिकून गळलं की डिसेंबरपासून वसंतात नवे फुटवे यायच्या आत एकदा कापायचं. उन्हाळ्यात अजिबात नाही. यात ठेकेदाराच्या फेऱ्या कमी होत होत्या, म्हणजे संघाचे पैसे वाचत होते. तक्रार करणाऱ्यांना मी दोन गोष्टी दिल्या: घरांच्या बाजूला दीड मीटर रुंद पट्टी नियमित कापलेली राहील, आणि पायवाट होईल, पण चढाला वळसा घालून. रान सांभाळलेलं दिसलं की लोकांची भीती निम्मी होते.

मतदानात चौथा पर्याय दोन मतांनी पास झाला.

मॅक्सिमिलियनचं काय करायचं

यावर समितीत बरीच चर्चा झाली. एकाची भीती होती की दोन्हींचा संकर होऊन दुर्मिळ जात बिघडेल. सूर्यफुलांत संकर होतात हे खरं आहे, आणि म्हणून तर ती ओळखायला इतकी अवघड. पण इथे गुणसूत्रांचा हिशोब आड येतो. मॅक्सिमिलियनची गुणसूत्रं ३४, श्वाइनिट्झची १०२, म्हणजे तिप्पट. अशा दोघांत टिकाऊ संकर सहजी होत नाही. खरी काळजी जागेची होती. मॅक्सिमिलियन उंच होतं आणि मुळकांड्यांनी पसरतं. ते लावलेलं होतं, त्याला गमावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही ते हाताने काढलं, तणनाशक न वापरता, आणि फक्त ओढ्याच्या टोकापासून चढाच्या अलीकडे पाच मीटरपर्यंत. त्या मधल्या पाच मीटरमध्ये दोन्ही मिसळलेली होती. फुलावर नसताना चुकीचं झाड उपटलं जाण्याची शक्यता होती, म्हणून तो भाग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सोडून दिला.

मायक्रोसेफॅलस इथलंच आहे. त्याला कुणी हात लावला नाही.

काय झालं

जानेवारीत पहिली कापणी झाली. स्वयंसेवकांनी स्वीटगमची रोपं कात्रीने बुडातून छाटली. चढाच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या.

जुलैत ठेकेदाराची नवी टोळी आली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. खुंट्यांना रंगीत फीत होती, पण ती पावसात गळून पडली होती. मी ऑफिसातून येईपर्यंत चढाचा तिसरा हिस्सा कापला गेला होता. त्या संध्याकाळी मी तिथे बराच वेळ बसून होते. कंद जमिनीत होते म्हणून झाडं मेली नाहीत. त्या हिश्श्याला ऑक्टोबरमध्ये पुन्हा गुडघ्याएवढेच दांडे आणि मोजकी फुलं आली.

उरलेल्या भागात मात्र मी पहिल्यांदा हे झाड जसं असतं तसं पाहिलं. माझ्या डोक्याच्या वर गेलेली जांभळी खोडं, समईसारख्या फांद्या, आणि शंभराच्या आसपास दांडे फुलांवर. दांडे म्हणते, झाडं नाही. एकाच कंदाच्या गड्ड्यातून अनेक दांडे येतात, त्यामुळे शंभर दांडे म्हणजे वीस झाडंही असू शकतात. हे महत्त्वाचं आहे, कारण बहुवार्षिक सूर्यफुलं साधारणपणे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. दांडे कितीही असोत, वेगळी झाडं कमी असतील तर भरलेलं बी कमी मिळतं. आमच्याकडे त्या वर्षी बरीच बियाणी फोल निघाली. फांदीवरचंच बी दाबून पाहिलं की कळतं, भरलेलं टणक लागतं, फोल बोटाखाली चपटं होतं. वेगळी झाडं नेमकी किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पायवाट झाली. वळसा नकाशात होता त्यापेक्षा थोडा आत आला आणि चढाच्या खालच्या कडेचे काही दांडे खडीखाली गेले. त्यातले दोन पुढच्या वसंतात खडीतून वर आले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या ऑक्टोबरमध्ये मी सगळ्या पट्ट्यातून चालले असते. काट्यांतून गेले असते. ओळख एका फांदीची होते, जागेची नाही, आणि जिथे पोचायला सोपं तिथेच लावलेली, उधळलेली, बागेतून निसटलेली झाडं जास्त असतात. समितीला लिहिताना मी “ओढ्याकडच्या टोकाला मॅक्सिमिलियन आहे, बाकी भाग पाहिलेला नाही” असं लिहायला हवं होतं. तेवढ्या एका वाक्याने एक ऑगस्ट वाचला असता.

मातीकडे आधी पाहिलं असतं. ती भेग मला ओळखीची वाटली होती, पण गावाच्या आठवणीत रमून मी तिथेच थांबले. या भागात आयरडेलसारखी माती, वर ऊन आणि वर्षानुवर्षं होत आलेली कापणी ही तिन्ही एकत्र दिसली तर दुर्मिळ जात असण्याची शंका आधी घ्यायची आणि मग नाकारायची. मी उलटं केलं.

ओळख पक्की व्हायच्या आतही एक निर्णय घेता आला असता: कापणी चार महिने पुढे ढकलण्याचा. त्याला खर्च नव्हता. फूल सामान्य निघालं असतं तरी कुणाचं नुकसान नव्हतं. पण मी संघासमोर प्रश्न “दुर्मिळ आहे का नाही” असा मांडला, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत जुनं वेळापत्रक चालूच राहिलं.

ठेकेदाराशी करारातच तारखा लिहायला हव्या होत्या. आता लिहिल्या आहेत. फितीऐवजी लोखंडी खांब आणि पाटी आहे. पाटीवर जातीचं नाव नाही, फक्त “डिसेंबरपर्यंत कापू नये” एवढंच.

बाबा मागच्या हिवाळ्यात इथे आले होते. कापणी होऊन गेली होती, चढावर नुसते खुंट. ते खाली बसले, मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरलं आणि म्हणाले, “ही तर आपलीच माती.” मग एका खुंटाच्या बुडाशी, वाळक्या गवताखाली, त्यांनी बोटाने जागा केली. तिथे जमिनीलगत जांभळा कोंब होता, करंगळीच्या नखाएवढा. त्यांनी गवत पुन्हा त्याच्यावर ओढलं.